बॅरन बेटाचा ज्वालामुखी : जहाज गेलं तेव्हाच नोंद झाली

कातळवेडा

आमच्या शेजारच्या काकू मागच्या महिन्यात अंदमानला जाऊन आल्या, सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, रॉस बेट सगळं मनापासून बघून आल्या आणि म्हणाल्या, अरे आम्ही ज्वालामुखी पण बघितला. मी उत्साहात फोटो मागितले तर तो बाराटांगचा चिखल निघाला, राखाडी गाळ आणि त्यात फुटणारे बुडबुडे. काकूंची काही चूक नाही, तिथे पाटीच तशी आहे आणि गाइडही तसंच सांगतात. पण तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्या देशात एक खराखुरा, लाव्हा ओतणारा ज्वालामुखी आहे आणि त्याच्याबद्दल मराठीत नीट काही वाचायला मिळत नाही, म्हणून इथे फोरमवर हा धागा.

तर हे बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून ईशान्येला साधारण १३५-१४० किलोमीटर, अंदमानच्या मुख्य बेटांच्या पूर्वेला एकटंच. आजूबाजूला वस्ती नाही की दुसरं बेट नाही, नुसतं पाणी. बेट जेमतेम ३ किलोमीटर रुंद, जवळपास गोल. सगळ्यात उंच जागा ३५० मीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या टेकडीएवढी. पण हा फक्त माथा आहे. पायथा समुद्राच्या तळाशी, पाण्याखाली साधारण २२५० मीटर खोल आहे आणि तिथून मोजलं तर हा डोंगर साधारण २६०० मीटर भरतो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अख्खं कळसूबाई पाण्यात उभं केलं तरी याच्या माथ्यापर्यंत पोचत नाही.

वरून बघितलं तर आकार कळतो. बाहेर एक मोठं कडं आहे, जुन्या ज्वालामुखीचा माथा कोसळून तयार झालेलं, आतून साधारण २ किलोमीटर रुंद. त्याच्या मधोमध राखेचा आणि खडीचा नवा शंकू. आणि पश्चिमेच्या बाजूला कड्याची भिंत फुटलेली आहे, दाराचं एक फळकूट निखळावं तशी. नवा लाव्हा शंकूवरून उतरतो, त्या खिंडारातून बाहेर पडतो आणि थेट समुद्रात जातो. म्हणजे जे काही बघायचं ते पश्चिमेकडूनच.

बॅरन म्हणजे ओसाड, पण बेट पूर्ण ओसाड नाही हे पण लिहून ठेवतो, बाहेरच्या उतारांवर चांगली झाडी आहे. ओसाड आहे तो आतला भाग.

उद्रेकांचा इतिहास पुढच्या प्रतिसादात टाकतो, कारण तो मला जास्त आवडतो आणि घाईत लिहायचा नाहीये.

मुग्धा_सांगली

छान धागा. मी पण बाराटांगलाच ज्वालामुखी समजून आलेय, आज कळलं. एक शंका, २ किलोमीटरचं गोल कडं म्हणजे आपल्या लोणारसारखंच की. मग लोणार पण ज्वालामुखीच होता का? लहानपणी शाळेच्या ट्रिपमध्ये कोणीतरी तसं सांगितलेलं आठवतंय.

बसाल्ट_बाई

मुग्धा, आकार जवळपास सारखा आहे खरा, लोणार १.८ किलोमीटर. आणि पूर्वी बरेच जण लोणारला ज्वालामुखीचं तोंडच समजायचे. पण लोणार अशनी आदळून झालेलं आहे, तिथल्या बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा गोठून झालेल्या काळ्या दगडात, प्रचंड धक्क्याच्या खुणा सापडतात, काचेसारखं झालेलं स्फटिक वगैरे. बॅरनचं कडं आतून रिकामं होऊन खाली बसलेलं. खालची मॅग्माची, म्हणजे वितळलेल्या दगडाची कोठी उद्रेकात रिती झाली की वरचं छप्पर खचतं. एकाला वरून मार बसलाय, दुसऱ्याचा खालचा आधार गेलाय.

आणि बाराटांगचं म्हणाल तर ते चिखलाचे ज्वालामुखी, तिथे मॅग्माचा संबंध नाही. जमिनीत गाडलेल्या गाळातला सेंद्रिय भाग कुजून गॅस होतो, तो दाबाखाली पाणी आणि चिखल घेऊन वर येतो. बघण्यासारखं आहेच, पण जात वेगळी.

अवधूत७७

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कातळवेडा

आता इतिहास. नोंदींची सुरुवात १७८७ ला होते. त्या वर्षी मे महिन्यात कोलब्रूक नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जहाजातून जाताना बेटावरून धुराचा खांब निघताना बघतो. मग मार्च १७८९ मध्ये आर्चिबाल्ड ब्लेअर, ज्याच्या नावावरून पोर्ट ब्लेअर, तो थेट बेटाजवळ जातो आणि लिहून ठेवतो की शंकूतून भयंकर धूर निघतोय आणि तापून लाल झालेले दगड उडतायत, त्यातले काही तीन-चार टन वजनाचे, आणि ते शंकूच्या पायथ्याच्याही पलीकडे जाऊन पडतायत. तीन-चार टन म्हणजे दोन-तीन गाड्यांच्या वजनाचा एक दगड, हवेत!

त्यानंतर १७९५ ची नोंद आहे. आणि मग १८०३ च्या नोव्हेंबरातली हॉर्सबर्गची, समुद्री मार्गांची माहिती गोळा करणारा हा माणूस, त्याची नोंद मला सगळ्यात आवडते. ज्वालामुखी दर दहा मिनिटांनी नियमित फुटत होता, प्रत्येक वेळी काळ्या धुराचा लोट वर जात होता आणि रात्री तोंडाच्या पूर्वेच्या बाजूला मोठी आग दिसत होती. दर दहा मिनिटांनी! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मग मोठी शांतता. एकोणिसाव्या शतकात अधूनमधून लोक गेले, कोणाला धूर दिसला, कोणाला वाफ, १८५२ चा एक उल्लेख आहे पण तो उद्रेक धरायचा की नाही यावर एकमत नाही. १८८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मॅलेट आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे कॅप्टन हॉबडे यांनी बेटाची नीट पाहणी आणि मोजणी केली, तेव्हा शंकू गप्प होता, गंधकाची वाफ तेवढी.

आणि मग २८ मार्च १९९१. नौदलाच्या जहाजावरच्या लोकांना धूर दिसला आणि पुढचे सहा महिने बेट पेटलेलं होतं. लाव्हा खिंडारातून समुद्रापर्यंत गेला, पाण्यात शिरला तिथे वाफेचे ढग. शंकूचा माथा पण ढासळला. त्यानंतर १९९४-९५, मग २००५, आणि तेव्हापासून तो फारसा गप्प बसलेलाच नाही.

नंदू_नाशिक

लेख उत्तम पण एक मुद्दा खटकतोय, रागावू नका. सगळीकडे लिहितात की हा ज्वालामुखी दीडशे वर्ष झोपला होता आणि १९९१ ला जागा झाला. पण तिथे राहतंय कोण? १७८७, १७८९, १७९५ अशा नोंदी दाटीवाटीने का आहेत, कारण तेव्हा इंग्रजांनी अंदमानात पहिली वसाहत टाकली होती, १७८९ ला. ती १७९६ ला रोगराईने बंद पडली. मग तिथून जाणार कोण आणि बघणार कोण? हा मला ज्वालामुखीचा इतिहास कमी आणि जहाजांच्या फेऱ्यांचा इतिहास जास्त वाटतो.

कातळवेडा

नंदूभाऊ रागावतो कशाला, अगदी बरोबर बोट ठेवलंत. मी स्वतः दोन दिवस याच विचारात होतो. नोंद नाही म्हणजे उद्रेक नाही असं लिहिणं चूक आहे. निदान १८०४ ते १८३० च्या मधल्या काळाबद्दल तरी कोणी छातीठोक बोलू नये.

बसाल्ट_बाई

नंदूंचा मुद्दा अर्धा पटतो. १७९६ नंतरची काही दशकं खरंच आंधळी आहेत. पण १८५८ ला काळ्या पाण्याची वसाहत पक्की झाली आणि तिथून पुढे बेटावर फेऱ्या होत राहिल्या, आणि त्या लोकांनी एक फार उपयोगी गोष्ट केली, पाणी तपासलं. उतरायच्या जागेजवळ खडकाखालून गरम पाण्याचा झरा समुद्रात येतो. १८३२ च्या सुमारास तो जवळजवळ उकळता होता. पुढच्या प्रत्येक भेटीत त्याचं तापमान कमी कमी होत गेलं आणि मॅलेटच्या वेळेपर्यंत बरंच उतरलेलं होतं. चुलीवरून उतरवलेलं पातेलं निवावं तसं. आत नवीन मॅग्मा येत असता तर हे असं सरळ उतरत गेलं नसतं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली शांतता खरी मानायला हरकत नाही. वर्ग घेताना मी मुलांना हे उदाहरण नेहमी देते. थर्मामीटर पाण्यात बुडवायचा आणि आकडा लिहून ठेवायचा, एवढंच काम, पण शंभर-दीडशे वर्षांनी त्यावरून डोंगराच्या पोटातलं कळतं.

नंदू_नाशिक

हे माहीत नव्हतं. मान्य. धन्यवाद ताई.

दर्यावर्दी

धागा बघितला आणि लिहायला बसलो, एरवी मी फक्त वाचतो. मी मर्चंट नेव्हीत होतो, आता रिटायर. २००६ च्या जानेवारीत छोट्या कार्गो जहाजावर सेकंड ऑफिसर होतो, पोर्ट ब्लेअरला माल उतरवून रंगूनकडे निघालो होतो. रात्री १२ ते ४ चा पहारा, म्हणजे मिडल वॉच, माझा. समुद्र शांत, चंद्र मावळलेला, ब्रिजवर मी आणि एक सीमन. दीडच्या सुमाराला तो म्हणाला, साब उधर आग है. मला पहिल्यांदा वाटलं मासेमारीची बोट पेटली, कारण समुद्रात लाल उजेड दिसला की पहिला विचार तोच येतो. रडारवर बघितलं तर त्या दिशेला बॅरन, पंचवीसेक मैलांवर, उजव्या हाताला, आमच्या भाषेत स्टारबोर्डला. आणि तो उजेड स्थिर नव्हता. क्षितिजावर ढगाच्या खालच्या बाजूला एक लालसर डाग यायचा, हळूहळू वाढायचा, मग विझायचा आणि परत पूर्ण अंधार. आगीचा उजेड असा नसतो, आग लपलपते. हे म्हणजे कोणीतरी श्वास घेतंय तसं.

आवाज काही नाही, एवढ्या लांबून येणार पण नाही. इंजिनाची धडधड तेवढी. आम्ही दोघं ब्रिजच्या बाजूच्या उघड्या विंगवर उभे राहून बघत होतो आणि बोलत नव्हतो. तो सीमन रत्नागिरीकडचा होता, त्याने हात जोडले. मी लॉगबुकात दोन ओळी लिहिल्या, बेअरिंग म्हणजे दिशा, आणि वेळ. ते लॉगबुक कंपनीत गेलं, आता कुठे असेल देव जाणे. पण मी तेव्हा स्वतःची डायरी पण ठेवायचो, माळ्यावर असेल, शोधतो.

मुग्धा_सांगली

दर्यावर्दी काका, अंगावर काटा आला वाचून. डायरी नक्की शोधा.

ओंकार_बीएस्सी

मी जिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एक बेसिक प्रश्न विचारतो. आपला सह्याद्री पण बसाल्टचा आणि बॅरन पण बसाल्टचा. मग फरक काय? पुस्तकात हॉटस्पॉट आणि सबडक्शन असे दोन शब्द आहेत, पाठ आहेत, पण डोळ्यासमोर येत नाही.

बसाल्ट_बाई

ओंकार, चांगला प्रश्न आहे, जरा सविस्तर लिहिते.

दगड वितळवायचे दोन मार्ग धर. एक म्हणजे खालचा गरम दगड वर उचलायचा. खोलवर तो तापलेला असतो पण वरच्या ओझ्याने दाबलेला, म्हणून घट्ट राहतो. वर आला की दाब कमी, तापमान जवळपास तेवढंच, मग तो वितळायला लागतो. आपलं दख्खनचं पठार या मार्गाने झालं, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भारत आजच्या रियुनियन बेटाखालच्या तप्त जागेवरून, म्हणजे हॉटस्पॉटवरून, सरकत असताना. प्रचंड प्रमाणात पातळ लाव्हा, थरावर थर, म्हणून आपल्या डोंगरांना त्या आडव्या पायऱ्या दिसतात.

दुसरा मार्ग म्हणजे दगडात पाणी घालायचं. लहानपणी घरी पॉट आइस्क्रीम केलंय का कधी? लाकडी पिंपात बर्फ भरून वर खडे मीठ टाकायचो आणि आलटून पालटून हँडल फिरवायचो. मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळतो. पाणी दगडाला तेच करतं, त्याचं वितळायचं तापमान खाली आणतं. अंदमानच्या पश्चिमेला भारतीय प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, खाली घुसतेय, हेच सबडक्शन, हजारो किलोमीटर पसरलेला समुद्रतळ, पाणी प्यायलेली खनिजं आणि वर गाळ, सगळं घेऊन. बॅरनच्या खाली ती साधारण शंभर किलोमीटर खोल पोचलेली असते. तिथे दाबाने तिच्यातलं पाणी पिळून निघतं, वरच्या मँटलमध्ये, म्हणजे कवचाखालच्या तापलेल्या दगडात, शिरतं आणि तो वितळतो. तोच मॅग्मा वर येऊन बॅरन. हीच रांग पुढे सुमात्रा, जावापर्यंत गेलीय.

म्हणून गंमत बघ, अंदमानची मोठी बेटं ज्वालामुखीची नाहीत. ती खाली घुसणाऱ्या प्लेटवरून खरवडून निघालेल्या गाळाची आणि समुद्रतळाच्या तुकड्यांची आहेत, विळीवर खवलेल्या नारळाचा चव एका बाजूला साचावा तशी. ज्वालामुखी त्यांच्या मागे, पूर्वेला. त्या रांगेत भारताच्या हद्दीत पाण्याच्या वर डोकं काढलेले दोनच, बॅरन आणि त्याच्या उत्तरेला नारकोंडम. नारकोंडम ७१० मीटर उंच, शांत, जंगलाने झाकलेला, आणि तिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडे कुठेच नाही.

आणि हातात घेऊन बघायची गोष्ट म्हणजे बॅरनचा दगड. आमच्या कॉलेजच्या संग्रहात एक मुठीएवढा तुकडा आहे, १९९१ नंतरचा. काळा, खरबरीत, हाताला टोचतो, आणि त्यात पांढरे चौकोनी दाणे, चिक्कीत खोबऱ्याचे काप दिसावेत तसे. ते प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज. बॅरनचं प्लॅजिओक्लेज कॅल्शियमने इतकं भरलेलं असतं की अ‍ॅनॉर्थाइटपर्यंत, म्हणजे त्याच्या सगळ्यात कॅल्शियमवाल्या प्रकारापर्यंत जातं, आणि ते मॅग्मात पाणी जास्त असल्याचं लक्षण आहे. म्हणजे मी वर जे पाण्याचं सांगितलं त्याची सही दगडातच आहे. मधूनमधून ऑलिविन या हिरवट खनिजाचे कण. शेजारी आपल्या घाटातला बसाल्ट ठेवला तर रंग सोडून काहीच जुळत नाही.

ओंकार_बीएस्सी

मॅडम आता कळलं. पॉट आइस्क्रीम मी फक्त ऐकलंय पण कळलं. हा ज्वालामुखी किती जुना आहे?

बसाल्ट_बाई

त्यावर चांगलं काम झालंय आणि आपल्या जवळच्याच लोकांनी केलंय. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि तेव्हा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत असलेले ज्योतिरंजन राय आणि त्यांचे सहकारी बेटावर जाऊन आले, कड्याच्या भिंतीतले जुने थर तपासले, लाव्हा, राख, आणि पावसाने वाहून आलेले चिखल-दगडांचे लोंढे. पाण्यावर दिसणारे सगळ्यात जुने लाव्हा त्यांनी आर्गॉनच्या पद्धतीने, म्हणजे दगडात साठलेल्या आर्गॉन वायूवरून, मोजले, ते साधारण १६ लाख वर्षांचे निघाले. पण त्यातच काही प्लॅजिओक्लेजचे स्फटिक १०.६ कोटी वर्षांचे सापडले! ते या मॅग्माचे नाहीतच, पाहुणे आहेत. वर येताना मॅग्माने वाटेतला जुना समुद्री कवच खरवडून सोबत आणला. म्हणजे बॅरन ज्या जमिनीवर उभा आहे तिचं वय तिथे कोणी ड्रिलिंग न करता लाव्हाने स्वतःच वर आणून दिलं. आपल्या सह्याद्रीपेक्षा चार कोटी वर्षं जुनी जमीन.

शिवाय बेटापासून काही अंतरावर समुद्रतळाच्या गाळात नळी खुपसून उभा नमुना काढला तर त्यात बॅरनच्या राखेचे थर मिळतात, सर्वात खालचा साधारण ७० हजार वर्षांच्या आसपासचा. नंदू, तुमच्या जहाजांच्या प्रश्नाला हे पण एक उत्तर आहे. कोणी बघायला नसलं तरी गाळ लिहून ठेवतो.

नंदू_नाशिक

हे वाक्य वहीत लिहून घेतलं.

पणजीकार

गोव्याहून लिहितोय. २०१७ चा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून. आमच्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची टीम जानेवारीत सिंधु संकल्प जहाजावरून बॅरनजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होती, प्रमुख अभय मुधोळकर. २३ जानेवारीला काम चालू असताना ज्वालामुखीने अचानक राख ओकायला सुरुवात केली. त्यांनी जहाज मैलभर लांब घेतलं आणि बघत बसले. पाच ते दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत होते, सूर्य मावळला आणि मग कळलं की त्या राखेत लाल लाव्हाची कारंजी आहेत आणि उतारावरून लाव्हा वाहतोय. म्हणजे दिवसभर ते तिथे होतंच, उजेडामुळे दिसत नव्हतं. २६ जानेवारीला दुसरी टीम, नागेंदर नाथ यांच्या नेतृत्वाखाली, परत गेली तेव्हा पण चालू होतं. त्यांनी पाण्याचे आणि गाळाचे नमुने घेतले, कोळशासारखे काळे तुकडे मिळाले.

कातळवेडा, तुम्ही दहा मिनिटं लक्षात ठेवा म्हणालात ते हेच ना?

कातळवेडा

हेच! १८०३ ला हॉर्सबर्ग लिहितो दर दहा मिनिटांनी, २०१७ ला पाच ते दहा मिनिटं. याला स्ट्रॉम्बोलियन उद्रेक म्हणतात, इटलीतल्या स्ट्रॉम्बोलीवरून. दिवाळीचा भुईनळा थांबून थांबून उडावा तसं. मॅग्मा फार चिकट नसला की त्यातला गॅस मोठ्या बुडबुड्यांनी नळीतून वर येतो, बुडबुडा तोंडाशी फुटला की लाव्हाच्या चिंध्या उडतात, मग पुढचा बुडबुडा येईपर्यंत शांतता. दोनशे वर्षांनी तीच सवय. मला हे वाचून ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.

स्मिता_ठाणे

मला भीतीचा प्रश्न पडलाय. २००४ च्या सुनामीच्या भूकंपानंतरच हा २००५ ला पेटला ना? मग याच्यामुळे परत सुनामी येऊ शकते का? भाऊ सध्या पोर्ट ब्लेअरला पोस्टिंगवर आहे, आई रोज विचारते.

बसाल्ट_बाई

स्मिता, आईंना सांग निर्धास्त राहा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात सुमात्रापासून उत्तर अंदमानपर्यंत साधारण १३०० किलोमीटरची फट सरकली, आणि बॅरन २८ मे २००५ ला पेटला, पाच महिन्यांनी. एवढ्या मोठ्या हिसक्याने मॅग्माच्या कोठीवरचा ताण बदलतो, त्यामुळे संबंध असू शकतो असं अनेकांना वाटतं. पण १९९१ आणि १९९४ चे उद्रेक असल्या भूकंपाशिवाय झालेत हे पण विसरायचं नाही, तो आधीच जागा होता. बाराटांगचा चिखल मात्र भूकंपानंतर दोनच दिवसांत उसळला होता.

सुनामी आली ती समुद्रतळ उचलला गेल्यामुळे, ज्वालामुखीमुळे नाही. बॅरनचे उद्रेक लहान ते मध्यम असतात, पोर्ट ब्लेअर १३५ किलोमीटर दूर. त्रास असेल तर विमानांना राखेचा, म्हणून उपग्रहांवरून लक्ष ठेवतात आणि राख दिसली की वैमानिकांना इशारा जातो. २०२५ च्या सप्टेंबरात पण छोटे उद्रेक झाले, नौदलाच्या जहाजावरून काढलेला व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल, शहरात कुणाला काही झालं नाही.

स्मिता_ठाणे

खूप आभार ताई, हे असंच आईला वाचून दाखवते.

पक्षीमित्र_वाई

प्राण्यांबद्दल दोन ओळी. १९९१ नंतर १९९३ च्या एप्रिलमध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची टीम बेटावर गेली होती, तेव्हा आधी नोंदलेल्या १६ जातींच्या पक्ष्यांपैकी फक्त ६ दिसल्या. सगळ्यात जास्त ते पांढरे-काळे कबूतर. रात्री उंदीर दिसले, ५१ जातींचे किडे मिळाले, आणि तेव्हाही गॅस निघतच होता. बेटावर शेळ्या पण आहेत, जुन्या काळी जहाजावरून सोडलेल्यांची पिल्लावळ. राखेच्या उतारावर शेळ्या चरतायत हे दृश्य मला डोळ्यासमोरून हलत नाही.

अवधूत७७

थोडं अवांतर. सुमात्राचा टोबा ज्वालामुखी पण याच रांगेतला ना? आमचं गाव जुन्नर तालुक्यात, तिथे कुकडीच्या काठी बोरीला ज्वालामुखीची राख आहे म्हणतात.

बसाल्ट_बाई

अवांतर नाही अवधूत, एकाच माळेतले मणी आहेत. टोबाचा महाउद्रेक साधारण ७४ हजार वर्षांपूर्वीचा, आणि बोरीच्या त्या पांढुरक्या राखेचं नातं टोबाशी लावलेलं आहे. ती याच उद्रेकाची की टोबाच्याच आधीच्या एखाद्या उद्रेकाची यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय, कारण तिच्याबरोबर आदिमानवाची दगडी हत्यारं सापडतात आणि राखेचं वय ठरलं की हत्यारांचं ठरतं. गावी गेलास की नदीच्या कापलेल्या काठात बघ, मातीत एक फिकट पट्टा असतो. बोटात चोळलास तर रांगोळीसारखी बारीक लागते.

मुग्धा_सांगली

मला फेब्रुवारीत परत जायचंय, या वेळी खऱ्या ज्वालामुखीसाठी. कसं जमतं?

कातळवेडा

बेटावर उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचं, आणि त्यासाठी पण परवानगी लागते. कधी कधी बोटवाल्यांच्या खास फेऱ्या असतात, रात्री निघून पहाटे बेटाशी. माझ्या एका मित्राची फेरी आदल्या संध्याकाळी रद्द झाली, समुद्र खवळला होता, पैसे परत मिळायला तीन महिने लागले. त्यामुळे हातात दोन दिवस जास्तीचे ठेव. पश्चिमेच्या खिंडारासमोर बोट येते तेव्हा डेकवर आधीच जागा पकड. उजाडायच्या आत पोचलात तर उत्तम, पणजीकारांनी लिहिलंय तसं लाल रंग अंधारातच दिसतो. खिंडारातून काळ्या जिभा पाण्यापर्यंत आलेल्या दिसतील, तो गोठलेला लाव्हा, रेल्वेच्या रुळातल्या खडीसारखा सुटा दिसतो पण एकेक धोंडा गाडीएवढा असतो. दुर्बीण ने.

दर्यावर्दी

डायरी सापडली. वाळवीने कडा खाल्ल्यात पण पान शाबूत आहे. जसंच्या तसं उतरवतो.

"मिडल वॉच. वारा ईशान्य, हलका. बॅरन स्टारबोर्डला, लाल उजेड. ०१३५, ०१४४, ०१५२, ०२०१, ०२१२, ०२२०. नंतर ढग आले. सावंत म्हणतो देवी आहे. कॉफी संपली."

हॉर्सबर्गचं नाव मी आज या धाग्यावर पहिल्यांदा वाचलं.